धारच्या मशीनवर तपासले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नानांना तर नाहीच. नाना म्हणजे माझे वडील, देवासच्या एका कारखान्यात पाळीवर असायचे. घरात बुटांचा एकच जोड. ते पाळी संपवून आले की तेच बूट, पुढे कागद कोंबून, मी शाळेत घालून जायचो. त्यांना उशीर, तर मलाही उशीर. त्या घरातला पहिला पदवीधर मी — याचा मला अभिमान आहे, अजूनही आहे. आणि खरं सांगू? सगळं तिथूनच नासलं.

कॉम्प्युटर मला शिकवला मल्हारभियाने — भिया म्हणजे भाऊ, आमच्याकडे सगळेच एकमेकांना भिया म्हणतात. धारचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कॉलेज अर्धवट सोडलेलं. त्याचा छोटा कॉम्प्युटर क्लास होता. तिथलं मशीन उन्हाळ्यात तापायचं, म्हणून त्याने एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी — तिच्या गाभ्यासाठी — ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. काम कमी असलं की प्रोसेसरचा वेग उतरवायचा, वाढलं की चढवायचा. ती सिस्टिम सांभाळणाऱ्या बाहेरच्या मोठमोठ्या लोकांनी तो कर्नलमध्ये घेतलासुद्धा.

काही वर्षांनी तो ड्रायव्हर तपासून नव्या पद्धतीने लिहायचा निघाला. मी हात वर केला. कोड वाचताना दिसलं — वेग चढवण्याआधी भिया व्होल्टेज वाढवतो आणि क्षणभर थांबतो. का? कारण म्हणून शेजारी इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द: रुको ज़रा. मला लाज वाटली. जगभरचे लोक वाचणार, आणि हे? ओळ काढली. थांबणंही काढलं.

हा मोफत कोड लिहिणाऱ्या आमच्यात रीत आहे — बदल खऱ्या मशीनवर चालवायचा, मगच खाली ‘तपासले’ म्हणून आपलं नाव घालायचं. त्या ओळीवर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात. तो प्रोसेसर असलेलं मशीन माझ्या माहितीत एकच, भियाच्या क्लासमध्ये. देवासहून इंदूर, इंदूरहून धार — दोन बसा. लांब होतं का? नव्हतं. पण त्याने विचारलं असतं, माझं थांबणं कुठे गेलं? अर्धवट शिकलेल्या माणसाला मी उत्तर द्यायचं?

गेलो नाही. लिहिलं — धारच्या मशीनवर तपासले.

माझं नाव पाहून भियाने नवा कर्नल लगेच चढवला. आठवड्याने त्याचा फोन. “भिया, मशीन जाम होतंय रे. पोरी टाइप करतात अन् एकदम गच्च. तुझ्या नव्या कोडात तर काही नाही ना?”

त्याच क्षणी मला कळलं. व्होल्टेज स्थिर व्हायच्या आत वेग चढत होता — तो थांबा त्यासाठीच होता. कळलं, आणि मी म्हणालो, “नाही हो. मशीन म्हातारं झालंय. बोर्ड गेला असणार.”

“तू म्हणतोस तर असेल. तू शिकलेला आहेस.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्याने ते मशीन भंगारवाल्याला दिलं. जुना कर्नल परत घालून पाहिला असता तर ते नीट चाललं असतं, पण पाहणार कशाला? मी सांगितलं होतं ना. पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, आता हे आपल्याच्याने व्हायचं नाही, नवीन पोरांचं काम आहे. त्यानंतर त्याने कोडची एक ओळ लिहिली नाही. मी समोर बसून त्याच्या घरचे पोहे खाल्ले.

मग बाहेरूनही तक्रारी आल्या. मी थांबणं परत घातलं, चांगल्या इंग्रजीत लांबलचक कारण लिहिलं. दोष अचूक पकडला म्हणून माझं कौतुक झालं. भियाचं नाव मी कुठेच घेतलं नाही. ते दोन शब्दही परत लिहिले नाहीत.

ड्रायव्हर नवा झाला. तो आता अडकत नाही. वेग चढवण्याआधी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यापुढे नाव माझं आहे.