हयातीची सही

आमच्या घरात सगळ्यांत श्रीमंत माणूस कोण, हे माझ्या लेकीनं एकदा जेवता जेवता जाहीर केलं. अकरावीत आहे. एका हातात मोबाइल, ताटातली भाजी निवून चाललेली, त्यामुळे मी आधीच तापलेलो होतो.

"पप्पा, आबाजी बूमर आहेत. तुम्ही अन् आई मिलेनियल. मी जेन झी. इथं लिहिलंय, सगळी घरं, सगळा पैसा बूमर लोकांजवळ आहे. मिलेनियल लोकांजवळ काहीच नाही."

"अन् जेन झीजवळ?" बायकोनं विचारलं.

"आमच्याजवळ मोबाइल आहे ना."

बाबा ठसकेपर्यंत हसले. बाबा म्हणजे माझे वडील, तिचे आबाजी. वय शहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अंगात काखेत उसवलेलं बनियान. "म्हणजे मी शेठ आहो काय वं या घरातला?" ते म्हणाले. "मंग मले अजून एक पोळी वाढा."

मला असा संताप आला की विचारू नका. म्हटलं, ही पिढ्यांची नावं तिकडच्या लोकांनी तिकडच्या लोकांना दिलेली. तिकडे महायुद्ध संपलं, घरं बांधली, लेकरं झाली. इथं तुझा पणजोबा मागावर बसून लुगडी विणत होता आणि व्यापाऱ्याकडून सूत घेताना कागदावर अंगठा देत होता. कायचे बूमर अन् कायचं काय! ताट सरकवून मी उठलो. हात धुताना कळलं की राग नावांचा नव्हताच. पोरीनं वाचलं ते आमच्या घरापुरतं शंभर टक्के खरं होतं, याचा होता.

घर बाबांचं. सक्करदऱ्याच्या पलीकडे त्यांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून लेआउट पाडला, तेव्हा हप्त्याहप्त्यानं घेतलेला प्लॉट, त्यावर आधी दोन खोल्या, मग वरचा स्लॅब. आज त्याच गल्लीत तेवढी जागा घ्यायची तर मला अजून तीन जन्म शिकवावं लागेल. कारण मी प्राध्यापक आहे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचे पैसे, तेही चार-चार महिन्यांनी. उन्हाळ्यात काही नाही, दिवाळीत काही नाही, आजारी पडलो तर काही नाही. सतरा वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये मी नव्यानं मुलाखत देतो आणि समोरचे साहेब मला नव्यानं विचारतात, अनुभव किती. गल्लीत सगळे 'सर' म्हणतात. दूधवाला, किराणा, विजेचं बिल आणि लेकीचा धरमपेठेतला क्लास मात्र बाबांच्या पेन्शनवर चालतो. बेचाळीस वर्षांचा माणूस वडिलांच्या पेन्शनवर. हे असं लिहायलासुद्धा लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात बाबांना हलकासा लकवा मारून गेला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजवा हात तेवढा थरथरत राहिला. दवाखान्याबाहेर बसलो असताना मी काय मागत होतो ते सांगतो, लपवून काय करू? बाबा वाचू दे, असं म्हणत होतो. आणि त्याच्याच मागोमाग मनात येत होतं, बाबा गेले तर लेकीच्या क्लासचा पुढचा हप्ता कुठून भरू. दोन्ही इतके चिकटून येत होते की पहिलं कोणतं, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

आणि मग नोव्हेंबर आला. ज्यांच्या घरात सरकारी पेन्शन आहे त्यांना नोव्हेंबर काय ते माहीत आहे. बँकेत छापील यादी येते, पेन्शनवाल्यांनी स्वतः जाऊन आपल्या नावापुढे सही करायची. मी हयात आहे, एवढाच तिचा अर्थ. सही नाही, तर पेन्शन बंद. बाबांसाठी तो सणच असायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बँकेत जुन्या दोस्तांच्या भेटी, "काहून गा, आहेस काय अजून?" अशी एकमेकांची टिंगल, आणि सही झाली की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. पैसे बाबाच द्यायचे.

यंदा हात थरथरत होता. मी म्हटलं, "बाबा, अंगठा चालतो. बँकवाल्यांना विचारून आलो मी."

"अंगठा नाही देनार मी."

"अहो, पण..."

"नाही म्हनलं ना. माह्या बापानं जिंदगीभर अंगठा देल्ला. खात्यात अंगठेवाल्यायची रांग वेगळी होती, सहीवाल्यायची वेगळी. मी सहीवाल्यायच्या रांगेत उभा राहलो म्हनून परमनंट झालो."

म्हणून रोज सकाळी चहा झाला की आमचा वर्ग भरायचा. लेकीची जुनी वही, बाबांचं पेन, आणि डोक्यावर मी उभा. त्यांची सही इंग्रजीत, मोठी ऐटबाज, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आता ती पानभर सांडायची. मी म्हणायचो, "पुन्हा." ते पुन्हा काढायचे. माझा आवाज चढायचा, बायको स्वयंपाकघरातून डोळे वटारायची. लेक एकदा म्हणाली, "पप्पा, किती रागावता त्यांच्यावर?" मी तिलाच ओरडलो. पंधरा दिवसांत वही संपली. शेवटच्या पानावर चार सह्या बऱ्या होत्या.

बँकेत गेलो तर ही गर्दी. तिथं मला पहिल्यांदाच दिसलं की प्रत्येक म्हाताऱ्याच्या मागे त्याचं कोपर धरून माझ्याच वयाचा कोणीतरी उभा आहे. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, कोणाची सून. कामाच्या दिवशी, भर अकरा वाजता, आम्ही सगळे मोकळे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आमचा नंबर आला. टेबलामागच्या मॅडमनी यादी फिरवून बाबांच्या पुढ्यात ठेवली, नावावर बोट ठेवून दाखवलं आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळल्या. बाबा वाकले. बराच वेळ यादी बघत राहिले. मग सही केली. आणि काय सांगू, न थरथरता केली! रेघ, खाली दोन टिंबं, सगळं जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी बघितलं. "अहो आजोबा, हे काय केलं? वरच्या ओळीत केली तुम्ही. हे तर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे."

ते नाव बाबांच्या खात्यातल्या दोस्ताचं होतं. शेजारच्या टेबलावर चाळीस वर्षं एकत्र डबा खाल्लेला माणूस. आखाडात गेला, बाबा स्वतः मातीला जाऊन आले होते. घरच्यांनी अजून कळवलं नसावं, म्हणून यादीत नाव तसंच आणि पुढची जागा कोरी. "रिकामं दिसलं म्हनून..." बाबा म्हणाले. मॅडमनी लाल पेनानं ती सही खोडली.

"आता तुमच्या ओळीत करा."

पण आता हात ऐकेना. पेन कागदावर नुसतं खरडत गेलं. मॅडमनी सावकाश सांगितलं, "राहू द्या आजोबा, अंगठा द्या. चालतो."

"थांबा ना बाई. करतो ना मी."

मागे कुजबुज सुरू झाली. बाबा पुन्हा वाकले, पुन्हा खरडलं. मला काय झालं कोण जाणे. मी ओरडलो, "बाबा, द्या ना एकदाचा अंगठा! पेन्शन थांबली तर घर कायवर चालवू मी?"

कोपरं धरून उभी असलेली माझ्या वयाची ती सगळी माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. बाबांनी मात्र माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांना जणू आत्ता नीट कळलं होतं की त्यांचं जिवंत असणं आमच्या घरात काय कामाचं आहे. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि हात पुढे केला. तो हात मी धरला. शाईच्या डबीत अंगठा मीच बुडवला आणि कागदावर मीच दाबला.

बाहेर आल्यावर वाटलं, आता सरळ घरी जाऊ म्हणतील. पण ते ठेल्याकडे वळले. दोन प्लेट सांगितल्या. पोह्यांच्या कागदानं अंगठा पुसत राहिले, शाई काही निघेना.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"राहू दे गा." मग एक प्लेट माझ्याकडे सरकवत, "तुले परमनंट करतीन काय रे ते?"

"नाही वाटत."

"अन् पोरीचं शिक्षन होयाले किती वर्षं?"

"पाच-सहा लागतील."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. डाव्या हातानं खिशातून पैसे काढून ठेल्यावर ठेवले.

"मंग पाच-सहा वर्षं तं राहाच लागन मले," ते म्हणाले. आई होती तेव्हा साहेबानं ड्युटी वाढवली की घरी येऊन तिला सांगायचे, त्याच आवाजात.

मी त्यांना 'असं काय बोलता बाबा' म्हणायला हवं होतं. कोणीही म्हटलं असतं.

मी म्हणालो, "हो, बाबा."