तीन नंबर कोर्टचं दुपारचं पाणी

महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा आमच्या शहरात भरली तेव्हा मी तिथे दुभाषी होते. होते म्हणजे बाबांनी पाठवलं. क्रीडा संकुलाचे व्यवस्थापक त्यांच्या ओळखीचे. "तुमची मुलगी इंग्रजी शाळेतली ना? मग द्या की आठवडाभर," असं ते बाबांना म्हणाले आणि माझं ठरून गेलं.

मी फारशी बोलत नाही. पाहुणे आले की चहा ठेवायला आत जाते आणि चहा झाल्यावरही आतच थांबते. पण दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला पोचवायचं, आपलं काही बोलायचं नाही, हे मला सोपं वाटलं.

स्पर्धा लहान होती. टीव्हीवर दिसतात तशा खेळाडू नव्हत्या त्या. हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुणाऱ्या, स्वतःची बॅग स्वतः ओढणाऱ्या मुली. बऱ्याच माझ्याच वयाच्या. एकीने विचारलं, तुमच्या शहराची नावं दोन कशी? विमानतळावर एक, जुन्या नकाशात दुसरं. मी हसले आणि बसची वेळ सांगितली.

मुख्य रेफ्री परदेशी होत्या, पन्नाशीच्या, उन्हाने नाक सोललेल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मला कोर्ट राखणाऱ्या मावशींसमोर उभं केलं. मावशी पाचोडकडच्या. संकुलात तीन वर्षं रोजंदारीवर गॅलरी झाडत होत्या, आणि या स्पर्धेसाठी त्यांच्या हातात पहिल्यांदा पाण्याचा पाईप आला होता. स्पर्धेनंतर कोर्टांसाठी एक कायमचं माणूस घ्यायचं ठरलं होतं. व्यवस्थापकांनी त्यांना शब्द दिला होता की नीट काम झालं तर ती जागा तुमची. हे मावशींनीच मला सांगितलं, दहा मिनिटांत, काही न विचारता.

"पक्की झाले की पोरीला कॉलेजला इथंच ठिवणार बघा. वैजापूरला मामाकडं राहून राहून वाळून गेली ती."

रेफ्री बाईंनी मातीचं सगळं समजावलं आणि मी ते मराठीत सांगितलं. लाल मातीचं कोर्ट वरून ओलं असून भागत नाही, आतपर्यंत भिजावं लागतं. सकाळी एकदा. दोन सामन्यांच्या मधे थोडं. आणि दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, भरपूर. डबकी साचतील इतकं सोडायचं, ती आपोआप मुरू द्यायची. तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत माती पाय धरते.

"डबकी?" मावशी म्हणाल्या. "चारी कोर्टांवर?"

"हो."

"देवा."

आमच्या घरी नळ आठव्या दिवशी येतो, कधी नवव्या. पाण्याचा वार आईने फ्रिजवर लिहून ठेवलेला असतो. मावशींच्या वस्तीत नळच नव्हता, टँकर होता. त्यामुळे पहिल्या दिवशी पाईपमधून पाणी सुटलं आणि मातीवर चकाकत पसरलं, तेव्हा आम्ही दोघी ते बघत उभ्या राहिलो आणि एकमेकींकडे बघायचं मात्र टाळलं.

दोन दिवस त्यांनी सांगितलं तसं टाकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन नंबरच्या कोर्टावर होतो. हे कोर्ट कंपाउंडच्या भिंतीला लागून. भिंतीच्या जाळीतून पलीकडचं दिसतं. संकुलाची टाकी भरायला टँकर आला होता, त्याच्या मागच्या नळातून पाणी गळत होतं, आणि शेजारच्या वस्तीतल्या बाया हंडे, बादल्या, रंगाचे रिकामे डबे लावून उभ्या होत्या. एक म्हातारी जाळीला नाक लावून आमच्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "ए बाई, मातीला काय लग्नाला न्यायचंय व्हय, एवढी आंघोळ घालती?"

बाकीच्या हसल्या. मावशीही हसल्या, पण पाईप खाली गेला.

"ऐकलं का ताई? तिकडं बाया हंडे घेऊन उभ्या, आन् मी हितं मातीला पाजतीय. कसं टाकू तुम्हीच सांगा."

मी चटकन म्हणाले, "मग थोडं कमी टाका मावशी. वरून ओलं दिसलं की झालं."

हे कुणीच मला पोचवायला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी स्वतःचं म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य. बोलून मला बरंही वाटलं. म्हातारीच्या नजरेतून सुटल्यासारखं. मावशींनी कोर्टावरून पाईप भरभर फिरवला, सगळीकडे सारखा लाल रंग आला, आणि आम्ही सावलीत गेलो.

साडेचारला त्याच कोर्टावर दुसऱ्या फेरीचा सामना होता. दुसऱ्या सेटमध्ये कोपऱ्यातला चेंडू घ्यायला एक मुलगी घसरत गेली. मातीच्या कोर्टावर घसरतच जायचं असतं, त्यात काही चूक नव्हती. पण वरचा ओला पापुद्रा तिच्या बुटाखाली सोलून निघाला, खालच्या कोरड्या मातीत बूट अडकला आणि गुडघा वळला. ती ओरडली नाही. बसली आणि रॅकेट नीट बाजूला ठेवली. मग तिला दोघींनी उचलून नेलं.

रेफ्री बाई कोपऱ्यात वाकल्या. खिशातली किल्ली काढून त्यांनी माती खरवडली. बोटभर खाली ती पिठासारखी होती. त्यांनी मला बोलावलं.

"मी सांगितलं होतं ते तू तिला सांगितलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

ते खरंच होतं. सांगितलं होतंच, पहिल्या दिवशी.

"मग विचार तिला, पाणी कमी का टाकलं."

मी मावशींकडे वळले. "पाणी कमी का टाकलं, विचारतायत."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "माझ्या हातून चुकलं म्हणा," त्या म्हणाल्या.

आणि मी तसंच, शब्दाला शब्द, इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून पाईप एका माणसाच्या हातात गेला आणि मावशी स्वच्छतागृहाकडे. व्यवस्थापक सगळ्यांसमोर त्यांना बोलले. बाईमाणसाच्या हातात पाईप दिला तीच माझी चूक, वगैरे. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. ते गेल्यावर त्यांनी बादली उचलली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कशाला तोंड पाडून बसलात? जेवला का?"

मला जेवण जाईना. रात्री आईने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं. त्या मुलीचा गुडघा डोळ्यांसमोर यायचा, पण ती दुसऱ्या दिवशीच विमानाने गेली होती. मावशी मात्र रोज समोर होत्या, आणि रोज जेवला का विचारत होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी एकदाची सुटले असते, असं वाटायचं. पुढच्या क्षणाला या विचाराचीच लाज वाटायची.

शेवटी शनिवारी मी रेफ्री बाईंना सांगितलं. इंग्रजीत सांगणं जड गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मग रागाने म्हणाल्या की हे त्या दिवशी सांगायला हवं होतं. तेही बरोबर. "पण इथे कोणाला कामावर ठेवायचं ते मी ठरवत नाही. तुमच्या लोकांना सांग."

तुमच्या लोकांना म्हणजे व्यवस्थापकांना. त्यांच्या केबिनबाहेर मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच बघितलं.

"या, या. बसा. चहा?"

"काका, त्या दिवशी पाणी कमी टाका असं मावशींना मी सांगितलं होतं."

ते हसले. "ताई, मन मोठंय तुमचं. पण असलं अंगावर घेऊ नये. उद्या तुमच्या वडलांनी विचारलं तर काय सांगू मी त्यांना?"

"अंगावर घेत नाहीये. खरंच मी सांगितलं."

"बरं बुवा, तुम्ही सांगितलं. आन् तिनं ऐकलं. ती रोज कोर्टावर, तुम्ही पाहुण्या. कुणाचं ऐकायचं, कळायला नको तिला?"

मराठीत मला भांडता येत नाही. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा पडायचा, आणि घरी भांडायची वेळ कधी आली नाही. मी नुसतीच बसून राहिले. उठले मात्र नाही. कंटाळून ते म्हणाले, "एवढंच असेल तर लिहून द्या. बघू."

लिहून द्यायचं हे मला एकदम पटलं. आमच्या शाळेत काहीही झालं तरी लिहून द्यायचो, बाई सही करायच्या, प्रकरण मिटायचं. त्या संध्याकाळी मी तीनदा अर्ज लिहिला. तारीख, वेळ, कोर्टाचा क्रमांक. मावशींचं पूर्ण नाव, ते मी त्यांच्या ओळखपत्रावरून टिपून घेतलं होतं. त्यांनी नेमून दिलेल्यापेक्षा कमी पाणी टाकलं, ते माझ्या सांगण्यावरून टाकलं, तरी त्यांना जबाबदार धरू नये. खाली सही. रविवारी अंतिम सामन्याआधी तो दिला. व्यवस्थापकांनी उभ्या उभ्या वाचला, फाइलला लावला आणि म्हणाले, "झालं ना समाधान?"

झालं होतं. बक्षीस समारंभात मी टाळ्याही वाजवल्या.

तीन आठवड्यांनी दुभाषीच्या कामाचं प्रमाणपत्र घ्यायला संकुलात गेले. कोर्टांवर तो पाईपवाला माणूस होता, नवा गणवेश घातलेला. मावशी गॅलरी झाडत होत्या. मी खुर्चीवर बसले. त्या झाडत झाडत माझ्यापर्यंत आल्या.

"मावशी, ती जागा?"

"त्याला दिली."

"पण मी तर लिहून दिलं होतं. तुमची चूक नाही म्हणून."

"व्हय. वाचून दाखवलं सायबानं." त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "तुम्हाला सांगू का ताई? साहेब लई वरडतो, पण पोटात ठिवत नाय. चार दिवस संडास धुवून घेतो आन् मग त्याचा तोच इसरतो. तीन वर्षांत कितीदा झालं असं. म्हणून मी गप व्हते. पावण्या बाया गेल्या की पाईप परत माझ्याच हातात येणार व्हता."

त्यांनी झाडू खुर्चीला टेकवला.

"मग कमिटी बसली. जागेचं निघालं. त्यांनी फाइल काढली, त्यात तुमचा कागद. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव समदं. कमी पाणी टाकलं म्हणून. साहेब म्हणला, बाई, मी तोंडानं काय बी सांभाळून घेतलं असतं, पण हे लेखी हाय, कमिटीनं वाचलं. आता मी काय करू?"

"खाली लिहिलं होतं ना, माझ्या सांगण्यावरून..."

"ते बी वाचलं त्यांनी. पर तुम्ही तर इथं कामाला न्हाई. तुमच्यावर काय करणार ते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते, तो सापडला असता तर पुढे काय करायचं ते कळलं असतं. मी म्हणाले, "मी परत लिहून देते. कमिटीलाच. नाहीतर तो कागद मागे घेते."

"नका," त्या पटकन म्हणाल्या. मग हळू, समजूत घातल्यासारखं, "आता काय बी लिहू नका ताई. रोजंदारी तरी राहू द्या."

अर्जाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्यांच्यासमोर तो उघडायचा धीर झाला नाही. पण मला तो पाठ होता, आणि मनातल्या मनात मी तो पुन्हा वाचत होते, एकेक वाक्य. खोटं त्यात कुठेच नव्हतं.

"सरका जरा," मावशी म्हणाल्या. "खुर्चीखालचं राहिलंय."

मी उठून बाजूला झाले.