आप्पांचा डावा तळहात

आम्ही लिंगायत; आमच्या घरी इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर होते. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवायचं, पाणी घालायचं, त्याच्याकडं बघत बसायचं. ते खाली पडू द्यायचं नाही. बोरी गावातले माझे वडील, आप्पा, सत्तर वर्षं हे करत आले. मागच्या वर्षी त्यांच्या पायांना आणि त्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पुढं हात इतका बधिर झाला, की पूजेला बसल्यावर ते उजवा हात खाली ताटासारखा धरू लागले.

परभणीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीपेक्षा सत्काराच्या फ्रेमा जास्त, म्हणून मी जरा साशंकच होतो. त्यांनी रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व फारच कमी. कॅप्सूल लिहून दिल्या. दोन महिन्यांत काही फरक नाही. मग विभूतीचा डबा आवरताना मला त्याच्या तळाशी सगळ्या कॅप्सूल सापडल्या.

"आप्पा, हे काय?"

"त्याचं टरफल हाडाचं असतंय म्हणं. मेडिकलवाला म्हणला."

"मग मला सांगायचं की!"

"शाकाहारावर भाषणं म्या दिली. आता हाडाच्या गोळीबिगर हात चालंना, हे कोन्त्या तोंडानं सांगू?"

परत डॉक्टरांकडं गेलो. ते रागावले नाहीत, हसले. "आप्पा, इंजेक्शन घ्या. त्यात हाड न्हाई, कातडं न्हाई."

"मंग ते कशाचं करत्यात?"

"जिवाणू बनवतात. दुधात येतं तेही गाय बनवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू बनवतात. ना झाड बनवतं, ना आपण."

रोज माणसाला ते लागतं किती? मिठाच्या एका कणाहून कमी. आणि तेवढं मिळालं नाही, तर माणसाला स्वतःचा हात कळेनासा होतो. शाल-श्रीफळाचे पुष्कळ सोहळे मी पाहिले, पण इतक्या लहानाची इतकी मोठी सत्ता कुठं पाहिली नव्हती.

निघताना मी शहाणपणा केला. "सोबत ताकदीच्या गोळ्या पण देऊ का? शेजाऱ्यांनी दिल्यात."

"अजिबात नको," डॉक्टर म्हणाले. "बी-बारा जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे जातं. पण त्या गोळ्यांत बी-सिक्स असतं. ते जास्त दिवस भरमसाट घेतलं, तर त्यानंच हात-पाय बधिर होतात."

इंजेक्शनं सुरू झाली. नसा सावकाश सुधारतात, पूर्ण सुधारतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कित्येक आठवडे काही फरक दिसला नाही. उजवा हात तसाच खाली.

एका सकाळी त्यांनी पूजेतून हाक मारली. पूजेत ते कधी बोलत नाहीत, मी धावत गेलो.

"पाणी गार लागायलंय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय? आनखी वत."

मी तांब्या उचलला आणि धार धरली. आप्पांनी डोळे मिटले, आणि खालचा उजवा हात हळूच काढून घेतला.