खंडेनवमीला बंद केलेला फ्रिज

तो माणूस आजही आकुर्डी स्टेशनवर दिसला तर माझं डोकं फिरतं. माझे सर होते ते. चाकणला रक्ततपासणीचे किट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी अँटिबॉडी तयार करायचे. रक्त गोठवणारं एक प्रथिन एरवी निपचित पडलेलं असतं, ते जागं झालं की गुठळ्या होतात. आमची अँटिबॉडी फक्त जाग्या झालेल्याला ओळखायची, आणि नमुन्याला निळा रंग चढायचा. रंग नाही म्हणजे धोका नाही, जा घरी. उष्णतेने ती बिघडते, म्हणून तिला फ्रिजमध्ये चार अंशांवर जपायचं.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. माझ्या वडिलांनीही जन्मभर लेथला झेंडू वाहिला, पण लेथ आणि फ्रिज यातला फरक त्यांना कळायचा. मी रजेवर होते. फ्रिजवरची माझी 'बंद करू नये' ही चिठ्ठी पूजेच्या फोटोत वाईट दिसते म्हणून सरांनी स्वतः फाडली, तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि प्लग काढला. "आज सगळ्या मशीनला विश्रांती!" पुढे दसरा, मग रविवार. सोमवारी दार उघडलं तर आत सव्वीस अंश.

"मी सांगितलं गं त्यांना, पण ऐकतंय कोण!" ताई म्हणाल्या. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या त्याच. मला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

मी लगेच तपासून पाहिलं. गुठळी झालेल्या पेशंटचं रक्त, गडद निळं व्हायला हवं होतं. झालं ते कपडे खळबळलेल्या नीळ-पाण्यासारखं फिकट.

सर मागे येऊन उभे राहिले. "अहो मॅडम, आलाय की रंग! रजिस्टरमध्ये तीन दिवस चार अंश लिहा आणि सही करा. माल आज जाणार."

"सर, याने माणूस मरेल."

"तुमच्या दारात येऊन मरणार आहे का? परमनंटचं लेटर हवंय ना?"

चोर तो चोर आणि वर शिरजोर! मी लाल पेनाने ठळक 'सव्वीस' लिहिलं, रजिस्टर त्यांच्यासमोर आपटलं आणि चहाला निघून गेले. बरं वाटत होतं. आता हा माल कचऱ्यात जाणार, असंच मी धरून चालले होते.

परत आले तर ते पान फाडलेलं. नव्या पानावर चार, चार, चार. खाली ताईंची सही.

"लेकीची ताथवड्याला इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिलीत गं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

खाली टेम्पो भरत होता आणि मी ताईंना नाही नाही ते बोलत होते. लाज कशी नाही वाटत, इथपर्यंत. भांडून दमले तोवर टेम्पो गेटबाहेर गेला होता. माल कुठल्या हॉस्पिटलांत जाणार त्याची यादी माझ्या फोनमध्ये होती. मी एकालाही फोन केला नाही. मलाही ते लेटर हवं होतं.