भास्कर, नितीन आणि कोरियन मावशी

दर महिन्याला त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर जेवायला गेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बडीशेपेसारखे ते नकळत खिशात येऊन पडतात. आमच्याकडंही असे बरेच साचलेत. माझी तक्रार एवढीच, की प्रत्येक किश्श्यात हिरो नितीन आहे.

भास्कर आणि मी कन्नड गावातल्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो जवळच्या पिशोरचा. घरी अद्रकाची शेती, शहरात हार्डवेअरचं दुकान. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. इतकी वर्षं बाहेर जेवायला गेलो की मेन्यूकार्ड माझ्यासमोर यायचं, कारण भास्कर वेटरला सांगायचा, "सर म्हणतील ते आण." मग शेंद्र्याच्या एका कोरियन कंपनीत नोकरीला असलेला नितीन भास्करच्या दुकानात नटबोल्ट घ्यायला आला. आला तो गेलाच नाही.

*

कोरियन हॉटेलात आम्हाला पहिल्यांदा नेलं ते नितीननंच. खाली जेवण, कोपऱ्यात छोटासा बार. आत शिरताच मालकीणबाई कमरेत वाकल्या. त्या अस्सल कोरियाच्या. मला बरं वाटलं, मीही तेवढाच वाकलो. वर बघतो तर बाई माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मागं नितीन उभा होता.

तो त्यांना 'इमो' म्हणतो. इमो म्हणजे मावशी, तिकडं हॉटेलवाल्या बाईला तशी हाक मारतात म्हणे. भास्करनं लगेच 'मावशी, मावशी' सुरू केलं. मी हाक मारताना 'मॅडम'वरच राहिलो. नितीनच्या मावशीला मी का मावशी म्हणू?

*

तिथं चॉपस्टिक स्टीलच्या असतात, बारीक आणि गुळगुळीत. पहिल्या दिवशी माझ्या हातून कोबी तीनदा निसटला आणि भास्कर नितीनच्या बोटांकडं कौतुकानं बघत राहिला. ते मला लागलं.

घरी येऊन मी बायकोच्या विणायच्या सुया घेतल्या आणि ताटलीत शेंगदाणे ओतून सराव सुरू केला. बायको म्हणाली, "तुमच्या भास्करला दाखवायचंय ना? मग पाय दुमडून बसा न् हातानं जेवा, तो काय डायनिंग टेबलवर वाढला नाही." तिला सगळं कळतं, हा आमच्या घरातला मोठा त्रास आहे.

पुढच्या महिन्यात मी तयारीनिशी गेलो. भात आला. मी चॉपस्टिकनं शितं न सांडता अख्खी वाटी संपवली आणि भास्करकडं बघितलं. भास्कर खरंच थक्क झाला होता.

नितीन अदबीनं म्हणाला, "सर, कोरियन लोक भात चमच्यानं खातात."

*

जेवणाआधी टेबलावर लहान लहान वाट्या येतात. आंबवलेल्या तिखट कोबीची किमची, मोडाची उसळ, पालक, मुळा. त्यांचे पैसे नसतात आणि वाटी रिकामी झाली की मावशी ती पुन्हा भरतात. भास्करच्या घरी पानात टाकलेलं चालत नाही. भास्कर वाटी पुसून खायचा, मावशी खूश होऊन भरायच्या. त्या भरतात म्हणून तो खायचा, तो खातो म्हणून त्या भरायच्या. दोघांनाही समोरच्याचा मान राखायचा होता.

मला हे केव्हाच कळलं होतं. पण नितीन फोनवर बोलायला बाहेर गेला होता आणि भास्करची सुटका आपल्या हातून व्हावी अशी माझी फार इच्छा होती. मी मॅडमना हातवारे करून 'बस, बस' सांगितलं. त्यांनी माझ्याही वाट्या भरल्या.

नितीन आत आला, कोरियनमध्ये एक शब्द बोलला आणि सगळं थांबलं. भास्कर घाम पुसत म्हणाला, "ह्याला म्हणायचं माणूस."

*

एकदा टेबलावरच्या शेगडीवर चिकन भाजायचं होतं. मी चिमटा हातात घेतला. चुलीपाशी माझा हात चांगला आहे, शिवारातल्या हुरडा पार्ट्या मीच केल्यात. दोन तुकडे जरा काळे झाले असतील. मॅडम आल्या, माझ्या हातातून हळूच चिमटा काढला, मोठी कात्री आणली आणि दोन्ही नितीनच्या हातात दिली.

नितीन कात्रीनं चिकन कापायला लागला. मी म्हणालो, शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय. कुणी हसलं नाही. नंतर तेच वाक्य नितीन बोलला, तर भास्करला ठसका लागला!

*

अद्रकाचा किस्सा मला सांगायचा नव्हता, पण सांगतो. पिशोरला नवीन अद्रक निघालं की पहिली पिशवी शहरात, छावणी भागातल्या माझ्या घरी येते. मागल्या वर्षी पिशवी आली नाही. बायकोनं बाजारातून अद्रक आणलं आणि मी तो चहा प्यायलो नाही.

त्या महिन्यात हॉटेलात गेलो तर मावशी भास्करचे दोन्ही हात धरून काहीतरी सांगत होत्या. नितीननं भाषांतर केलं. किमचीला असं अद्रक त्यांना इथं आल्यापासून मिळालं नव्हतं. भास्कर लाजला. मी किमचीची वाटी बाजूला सारली. 

*

आता शेवटचा किस्सा, गेल्याच महिन्यातला. त्या दिवशी सोजूची, म्हणजे कोरियन दारूची, बाटली उघडता उघडता नितीननं तिकडची एक रीत सांगितली. आपला ग्लास आपण भरायचा नाही. दुसऱ्यानं भरायचा. शेजारच्याचा ग्लास रिकामा झालाय का, हे ज्याचं त्यानं बघायचं.

मी मनात म्हटलं, बरं झालं, आज कळूनच जाऊ दे. मी ग्लास संपवला आणि भास्करसमोर दिसेल असा ठेवला.

भास्कर नितीनशी दुकानाच्या नव्या गोदामाबद्दल बोलत होता. शेगडी विझली. मावशी वाट्या उचलून गेल्या. नितीननं मध्येच बाटली माझ्याकडं वळवली, मी ग्लासावर हात ठेवला. मला त्याच्या हातची नको होती. बाटली माझ्या कोपराशी होती, पण आपण आपली ओतायची नाही म्हटल्यावर मी तिला शिवलो नाही. डोळ्यांत पाणी आलं, तर किमची तिखट आहे असं सांगायचं ठरवून ठेवलं.

शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भास्कर, माझा ग्लास कवाचा रिकामा आहे."

भास्करनं आपला ग्लास उचलला आणि माझ्या पुढ्यात उलटा केला. त्यातून एक थेंबही पडला नाही.

"माझा त्याच्या आधीपासून हाय," तो म्हणाला. "हा नितीन दोनदा भरायला आला, मी नाय म्हणलं. कवाचा तुझ्याकडंच बघायलोय."