मागून ऊन आल्यास : लागू नाही

आधी तो चहाचा घोट गिळा. गेल्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि कार्पेट माझं होतं.

तर, ज्यानं आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा धड फोडले नाहीत, अशा मी एका माणसाला शिकारीच्या रायफलीवरची दुर्बीण निवडून दिली. इथे, आयर्लंडमध्ये. आणि मग त्याच दुर्बिणीतून मी असं एक जनावर पाहिलं, की ते मी जन्मात विसरणार नाही.

हसताय कसले? अजून सुरुवातसुद्धा झाली नाहीये.

डून लेरीला आमच्या शेजारी मार्टिन राहतो. सत्तरीचा, रिटायर्ड सुतार, आवाज मऊ, हात जाडजूड. त्याच्या भावाची विकलोच्या डोंगरात मेंढ्यांची शेती आहे. मेंढ्यांचं गवत हरणं खातात, म्हणून दर हिवाळ्यात मार्टिन रीतसर परवाना काढून एखादं हरिण मारतो आणि अर्ध्या गल्लीला मटण वाटतो. आम्हाला गाजराचा केक देतो, कारण आमच्या घरी अंड्यालासुद्धा वेगळी कढई आहे.

एक दिवस कुंपणापाशी उभा होता. भुवईवर अर्धचंद्राच्या आकाराची ताजी जखम.

"मिलिंद, हे तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "वडिलांची रायफल आहे. गोळी सुटली की गाढवासारखी लाथ मारते, आणि दुर्बीण येऊन बसते कपाळात. ब्रीडा म्हणते, आणखी एक टाका पडला तर रायफल विकायची. बायको आहे, खरंच विकेल."

हे सांगताना त्याचा चेहरा शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखा झाला होता. त्या डोंगरात तो वयाच्या बाराव्या वर्षापासून जातोय हो!

आता मी सॉफ्टवेअरवाला. आम्हा लोकांना एक रोग असतो. वस्तू कुणाचीही असो, रिसर्च आमचा. कुकर घेताना मी तीन महिने एक्सेल शीट चालवली होती आणि शेवटी कुकर बायकोनंच आणला. मार्टिनला हे माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "तुला ते इंटरनेट जमतं, नाही का?"

झालं! पेटलो ना मी!

पंधरा दिवसांत मी शिकारी झालो. म्हणजे वाचून. आणि मला तोडगा सापडला. नेहमीची दुर्बीण डोळ्याजवळ असते, चार बोटांवर. पण एक जात अशी असते, जी रायफलीवर पार पुढे, नळीच्या बाजूला बसवतात. डोळा तिच्यापासून वीतभर लांब ठेवायचा. लाथ बसली तरी काच भुवईपर्यंत पोचतच नाही! शिवाय दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, म्हणजे दुर्बिणीतलं हरिणही दिसतं आणि भोवतीचा सगळा डोंगरही.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं विमान सुटलं. सकाळी ऑफिसला जाताना डार्ट, म्हणजे इथली लोकल, समुद्राच्या कडेकडेनं चालते. बाहेर राखाडी पाणी, आत मी, आणि माझ्या डोळ्यांपुढे विकलोचं धुकं. मी गवतात पालथा पडलोय. धुक्यातून एक हरिण येतंय. ते थांबतं, माझ्याकडे बघतं, मी त्याच्याकडे बघतो. गोळीबिळी काही नाही हं! नुसतंच बघायचं. एकदा असा बघत बसलो की माझं स्टेशन गेलं, पुढची दोन गेली, आणि स्टँडअप मीटिंग मी प्लॅटफॉर्मवरून केली.

मृणाल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तू झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतोस. तुला हरिण कशाला हवंय?"

"मला नकोय गं. मार्टिनचा प्रश्न आहे."

"मग झोपेत 'दोन्ही डोळे उघडे' कोण पुटपुटतं?"

असो. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी आणि मार्टिन दुकानात गेलो; नर मारायची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत असते. दुकानदारानं दुर्बीण काढली, मार्टिननं ती उलटसुलट केली. "एवढ्या पुढे बसवायची? चष्मा काय हात लांब करून धरतात का?"

दुकानदार म्हणाला, "चांगली आहे, पण एक तोटा सांगतो. सूर्य पाठीमागे असेल तर मागच्या काचेवर ऊन पडतं. मग पलीकडचं दिसत नाही, काच आरशासारखी होते."

हा तोटा मार्टिनला छापून दिलेल्या माझ्या शीटमध्ये होता बरं का! सतराव्या ओळीत. 'मागून ऊन आल्यास काच चमकते.' आणि त्यापुढच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं? 'लागू नाही.'

मी छाती काढून म्हणालो, "सूर्य? आयर्लंडमध्ये? डिसेंबरात?"

अख्खं दुकान हसलं. दुकानदारानं हात वर केले. मार्टिननं माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुर्बीण घेतली. मी त्या दुकानातून अंतराळी चालत बाहेर पडलो. माणसाचा सर्वनाश जवळ आला की लोक त्याच्या विनोदांना हसायला लागतात, हे मला तेव्हा कुठे माहीत?

मार्टिन नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आला. वीस गोळ्या झाडल्या, भुवई शाबूत. ब्रीडानं मला केक दिला. पण हरिण काही हाती लागेना. दोन महिने पाऊस, धुकं, पुन्हा पाऊस. डिसेंबरातला, नराच्या सीझनचा शेवटचा रविवार उरला, तेव्हा मार्टिन म्हणाला, "तू पण चल. तुझीच तर दुर्बीण आहे."

मला रात्रभर झोप नाही!

पहाटे निघताना आई दारात उभी. आई नागपूरहून आलेली, चार स्वेटर घालून. तिच्या हातात तपकिरी माकडटोपी, वर गोंडा.

"आई, तिथे लोक काय म्हणतील?"

"लोकायले काय करायचं? थंडी कानातून जाते, मले सांगू नको. हे घाल अन् मंगच जाय."

घातली. नुसता चष्मा, नाक आणि तोंड बाहेर.

आणि मग तो डोंगर. काय सांगू! वाळलेल्या नेच्यावर दंव, खाली मेंढ्या, आणि आमच्या मागे दूरवर समुद्र. आम्ही उतारावर पालथे पडलो, तोंड डोंगराकडे, पाठ समुद्राकडे. श्वासाची वाफ होत होती. कुठे आवाज नाही. मला वाटलं, आपलं सगळं आयुष्य, ते कोडिंग, ते व्हिसा, ते घराचे हप्ते, सगळं बहुतेक या पहाटेसाठीच होतं.

आणि ढग उघडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मागच्या समुद्रातून सोन्यासारखा सूर्य वर आला आणि सगळा डोंगर तांबूस झाला. माझे डोळे भरून आले हो! सतरावी ओळ? आठवली असेल तर शपथ.

मार्टिननं रायफलीचा बोल्ट काढून खिशात घातला, म्हणजे गोळी सुटायचा प्रश्नच नाही. रायफल पिशवीवर टेकवली, स्वतः घट्ट धरून ठेवली, परवाना त्याचा, कायदा म्हणजे कायदा. "बघ एकदा तुझ्या दुर्बिणीतून," तो कुजबुजला आणि स्वतः गळ्यातली साधी दुर्बीण डोळ्याला लावली.

मी वीतभरावरून पाहिलं. दोन्ही डोळे उघडे.

आणि ते होतं तिथे!

सोनेरी उजेडात, इवलंसं, तपकिरी, केसाळ. नाकातून वाफ निघतेय. माझ्याकडेच बघतंय.

"मार्टिन," मी श्वास रोखून म्हणालो, "आहे."

"कुठे?"

"सरळ समोर. माझ्याकडे बघतंय."

मार्टिन शोधायला लागला. "मला नाही दिसत. शिंगं आहेत?"

"शिंगं नाहीत. डोक्यावर एक गाठ आहे. गोल. मऊ दिसतेय."

"गाठ?"

मी मान जरा डावीकडे कलती केली. त्यानंही केली! तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. मी मान उजवीकडे केली. तेही उजवीकडे. मला कळून चुकलं, हे साधंसुधं हरिण नाही. याचं माझं मागच्या जन्माचं काहीतरी आहे. त्याच्या डोळ्यांत काय समजूत होती! थोडी थकलेली, थोडी बावळट, पण अतिशय ओळखीची.

"मिलिंद, डोळ्यांभोवती काय आहे?"

"दोन गोल. चकचकीत."

"चकचकीत? हरणाला?"

माझं तिकडे लक्षच नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी हसलो. आणि मग जे झालं, त्यानं माझा ताबाच सुटला. मी गुडघ्यांवर उठून अख्ख्या विकलोला ऐकू जाईल असा ओरडलो.

"मार्टिन! ते हसलं!"

डावीकडे, जेमतेम ऐंशी पावलांवर, नेच्यातून एक खरंखुरं हरिण उठलं. शिंगं अशी, की घरात घ्यायला दार मोठं करावं लागलं असतं. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तीन उड्यांत डोंगरापलीकडे गेलं. सीझन संपला.

मार्टिननं गळ्यातली दुर्बीण खाली सोडली. मग त्यानं वाकून दुर्बिणीच्या काचेत पाहिलं. मग माझ्या टोपीकडे. मग पुन्हा काचेत.

"सूर्य," तो हळूच म्हणाला. "आयर्लंडमध्ये. डिसेंबरात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी वाट पाहिली त्या माणसानं, आणि मी त्याचं हरिण माझ्याच थोबाडापायी घालवलं! मी सॉरी म्हणत राहिलो. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. छे! लोळला तो, अक्षरशः नेच्यात लोळला, आणि उठून पहिली गोष्ट काय केली? फोन काढून माझा फोटो.

"ग्रँड," डोळे पुसत तो म्हणाला. "दुर्बीण ग्रँड आहे. फक्त तिला सावली पाहिजे. ती टोपी दे."

माकडटोपी त्यानं दुर्बिणीच्या मागच्या काचेवर चढवली, तोंडाच्या भोकातून आरपार पाहिलं. ऊन बंद, डोंगर लख्ख. पुढच्या सीझनला त्याच टोपीसकट त्यानं एक नर मारला, भुवईला खरचटलंसुद्धा नाही. रायफल अजून घरात आहे.

तर गेल्या महिन्यात आई पुन्हा आली, आणि ब्रीडानं आम्हाला चहाला बोलावलं. मार्टिनच्या हॉलमध्ये लाकडी ढालींवर शिंगं लावलेली आहेत. प्रत्येकीखाली पितळी पट्टी: जागा, महिना, वजन. अगदी मधोमध एक नवी ढाल होती, त्यानं स्वतः तासलेली. तिच्यावर शिंगं नाहीत. माझा फोटो. माकडटोपी, गोंडा, तोंड उघडं. खाली लिहिलंय: विकलो, डिसेंबर. वजन: लागू नाही.

मृणाल सोफ्यावर कोलमडली. मी भिंतीकडे पाठ केली. आई मात्र चष्मा पुसून ढालीपाशी गेली. आधी डावीकडचं हरिण पाहिलं, मग उजवीकडचं, मग मला. बराच वेळ पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"काई असो," आई म्हणाली, "या साऱ्यायमंदी कान फक्त माह्याच पोट्ट्यानं झाकले हायेत."