दिवाळीनंतर येणारी मुले

इस्लामपूरच्या एसटी स्थानकावर मला निरोप द्यायला सुनंदा आली होती. वाळवा तालुक्यातल्या एकाच शाळेत आम्ही दोघी शिकवत असू. शैक्षणिक नियोजनाच्या परदेशी प्रशिक्षणासाठी अर्ज दोघींनी केले होते. निवड माझी झाली. बॅग वर चढवताना ती म्हणाली, "जावा बाई. तुमचा वर्ग मी सांभाळती. पर लय गोऱ्या होऊन येऊ नका, पोरं वळखायची न्हाईत." ती हसत होती. तिला माझा हेवा वाटत असणार, असे मी गृहीत धरले होते; कराड आल्यावर मात्र तशी खात्री उरली नाही.

प्रशिक्षणानंतर मी तिकडेच राहिले. आज जिनिव्हात, अनेक देशांचा एकत्रित निधी शिक्षणाच्या आराखड्यांना देणाऱ्या संस्थेत मी काम करते. प्रत्येक आराखड्यात तीस सप्टेंबरची पटसंख्या भरावी लागते. तो रकाना मीच आखला. गेल्या वर्षी एका भागीदार संस्थेमार्फत सुनंदाचा आराखडा माझ्या टेबलावर आला: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग. मागच्या हंगामात उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपड्यांतून फिरून तिने मुले नावानिशी मोजली होती. कोणते मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, हेही नोंदले होते. इतके नेमके काम मी कधी केलेले नाही. माझ्या रकान्यात मात्र तिने प्रामाणिकपणे शून्य लिहिले होते.

शून्य पटाचा आराखडा नियमाप्रमाणे परत जातो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर उतरतात, हे त्या इमारतीत केवळ मला ठाऊक होते. हंगाम दीड महिन्यावर होता. तरीही मी 'परत' असा शेरा मारला आणि, खरे सांगायचे तर, मारताना बरे वाटले.

आठवड्याने तिचा फोन आला. "आवं बाई, तुमच्या तिकडं दिवाळी येतच न्हाई व्हय?" मागून पोरे 'बाई, बाई' अशा हाका मारत होती. ओ माझ्या ओठांवर आली. हाक तिला होती.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना सांगितले की रकाना सदोष आहे, दोष माझा आहे, अर्जदार माझी मैत्रीण आहे. तेव्हा निर्णय दुसऱ्या कोणी घ्यावा. निधी मंजूर झाला आणि वर्ग भरला. तिने पाठवलेल्या छायाचित्रात मी मुले नंतर पाहिली. आधी तिलाच पाहिले, फळ्यापाशी उभी असलेली.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घराची व्याख्या मी पुष्कळदा करून पाहिली. सध्याची अशी: जिथे आपले काम आपल्याहून चांगले कोणी करत असते आणि ते आपल्याला अजून सोसत नाही, ते घर. जिनिव्हात मला कोणाचाही हेवा वाटत नाही.